आदले दोन दिवस

"मॅडम, मासळीच्या पाटीतून कांजिण्या येतात का?"

ज्ञानेश्वरीने उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं. तुझ्यात दम नाही म्हणून स्वरा आणि रुचिताने पैजच लावली होती. वर्ग खिदळला. शेवटच्या बाकावर एकटी बसलेली हंसा वहीत काहीतरी गिरवत राहिली.

हंसाची आई सरावली गावात दारोदार मासळी विकायची, आणि वर्गात कांजिण्या पहिल्यांदा दिसल्या त्या हंसाच्याच अंगावर. आता खपल्या पडून ती परतली होती, पण शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. पालकांनी तक्रार केल्यावर तिला स्नेहसंमेलनाच्या नाचातूनही काढलं. पुढच्या रांगेतली तिची मधली जागा ज्ञानेश्वरीला मिळाली आणि हजेरीलासुद्धा पुटपुटणारी ही पोरगी एकदम फुलली.

आरोग्य सेविका दीपा मॅडम हसल्या नाहीत.

"मासळीतून नाही, माणसातून येतात. खोकल्यातून, श्वासातून, फोडातल्या पाण्यातून." त्यांनी फळ्यावर 'अधिशयन काळ' असं लिहिलं. "विषाणू अंगात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंतचे दिवस. साधारण दोन आठवडे. म्हणजे हंसाला त्याआधी कुणीतरी दिल्या. देणाऱ्याला पत्ताही नसेल. पुरळ उठायच्या आदले दोन दिवस माणूस ठणठणीत दिसतो, पण आजार वाटत फिरतो."

ज्ञानेश्वरीने बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं.

हंसाला पुरळ उठलं पाच डिसेंबरला. पंधरा दिवस मागे गेलं की वीस नोव्हेंबर. त्या दिवशी नाचाच्या सरावाला हंसाने ज्ञानेश्वरीची वेणी घालून दिली होती, मग दोघींनी गालाला गाल लावून फोटो काढला होता. एकवीसला ज्ञानेश्वरीच्या पाठीवर पहिला फोड आला. आईने शाळेत चिठ्ठी पाठवली, मामाच्या लग्नाला गावी जातोय म्हणून, आणि घरात कोंडून तिला कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळी घातल्या. "शाळेत होतीस तेव्हा अंगावर काही नव्हतं ना? मग कुणाला काय होतंय," आई म्हणाली होती.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा हंसाची आई, नर्मदा, दारात पाटी उतरवून उभी होती.

"पोर बरी झाली हाय, वहिनी. आता तरी घ्या. आख्ख्या चाळीत कोनी घेतला नाय."

"नको बाई. आमच्याकडे लेकरं आहेत," आई म्हणाली आणि ज्ञानेश्वरीला आत ओढून तिने दार लोटलं.

पप्पा कंपनीतून येईपर्यंत ज्ञानेश्वरीने कळ काढली. मग रडत रडत सगळ्या तारखा सांगितल्या. "हंसाला माझ्याकडून झाल्या."

आईचा हात कणकेतच थांबला. "अगं बाई. आणि मी त्या नर्मदेला दारातून..."

"उद्या मी शाळेत येतो," पप्पा म्हणाले. "हेडसरांना सांगून टाकू. निदान त्या पोरीला तिची जागा तरी परत मिळेल."

जागा म्हटल्याबरोबर ज्ञानेश्वरीचं रडू थांबलं. तिने ओढणीने नाक पुसलं.

"तुम्ही शाळेत यायचं नाही, पप्पा. मी ठरवलंय. शनिवारी स्नेहसंमेलनात मधे मीच नाचणार." मग आईकडे वळून ती म्हणाली, "तुला फारच वाईट वाटत असेल तर उद्या तिच्याकडून बोंबील घे. पण कुणी विचारलं तर आपण लग्नालाच गेलो होतो."