पिंपळावरची गर्दी
साल बहात्तरचं. कळंबच्या वाटेवरचा दुष्काळी कामाचा रस्ता फर्लांगभर पुढं सरकला आणि थेट पिंपळाला जाऊन अडला. पिंपळ तोडल्याशिवाय काम पुढं जाणार नव्हतं, आणि काम थांबलं की दीडशे घरांतल्या चुली थांबणार होत्या. पण कुऱ्हाड उचलायला गावातला एक गडी पुढं येईल तर शपथ! पिंपळावर मुंजा होता, झालंच तर विष्णूही होता.

मुकादम शांतलिंगनं मग डोकं लढवलं. कुऱ्हाड मच्छिंद्रच्या हातात देत तो म्हणाला, "तुमी बौद्ध झालाव. देव सोडलेत, तर आता भ्याव कुनाचं? हाणा."

"देव सोडलेत, पर हे झाड आमचंबी हाय," मच्छिंद्र म्हणाला. "बुद्धाला पिंपळाखालीच ज्ञान झालं."

"ते मला सांगू नगंस. दोपारपतूर न्हाय तुटलं तर काम बंद."

मच्छिंद्रची आई भिमाबाई मातीची पाटी खाली ठेवून ऐकत होती. तिचं डोकं पार चक्रावलं. सोळा वर्षांपूर्वी तिनं घरातले देव आपल्या हातानं नदीत सोडले होते. मुंजा काही देव्हाऱ्यात नव्हता, त्यामुळे त्याला सोडायचं राहूनच गेलं. तिन्हीसांजेला इथून जाताना तिची पावलं अजून भराभर पडायची, आणि लेकाला हे सांगायची सोय नव्हती. आता त्याच झाडाखाली बुद्धही म्हणे. नारायणराव मास्तर तर परवा सांगत होते, समुद्रापल्याडच्या लोकांचेही देव झाडांतच राहतात. एका झाडावर एवढी गर्दी, त्यात आपलं कोण, परकं कोण, माफी मागायची ती कुणाची, तिला काही उमजेना.

मच्छिंद्रनं तळहातावर थुंकून कुऱ्हाडीचा दांडा घट्ट धरला. भिमाबाईनं पुढं होऊन कुऱ्हाड हिसकावून घेतली.

"तू सर मागं. मुंजाचा कोप होऊ दे न्हायतर आनि कुनाचा, माज्यासारख्या म्हातारीवर होऊ दे."

घाव कुठं घालावा हे बघायला तिनं डावा हात बुंध्यावर ठेवला.

"ए, शिवू नगंस झाडाला!" शांतलिंग ओरडला.

जन्माची सवय. तोंडातून निघून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं आणि तो खाली बघू लागला. भिमाबाईच्या वस्तीनं या झाडाला आजवर लांबूनच हात जोडले होते.

तिचा हात बुंध्यावर तसाच राहिला.

"मुकादम," तिनं खरंच न कळून विचारलं, "न शिवता तोडायचं कसं, तेवढं सांगा."