चांद्रीचं दावं

म्हैस विकण्यात भाईदासनानांचा फायदाच होता. शेणमूत सुटणार होतं, गुडघे वाचणार होते आणि पहाटेची झोप मिळणार होती. नरडाण्याजवळच्या त्या गावात विकणारा जनावर देतो, दावं देत नाही. दावं गेलं की गोठ्याची बरकत गेली. म्हणून नानांनी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या ज्ञानेश्वरला चांद्री म्हैस दिली आणि दावं आपल्या खुंटीला ठेवलं.

पण झोप कुठली! उजाडायच्या आत नाना फिरायला निघत आणि कुठल्याही वाटेने गेले तरी ज्ञानेश्वरच्या गोठ्याशी पोचत.

"डॉक्टरनी तुमले चालाले सांगं, का म्हशीले भेटाले?" पुष्पाबाई बायकोच्या हक्काने विचारत.

तिकडे चांद्री नानांचा खोकला ऐकल्याशिवाय पान्हा सोडेना. ज्ञानेश्वरची बायको सुलक्षणा चरवी घेऊन ताटकळायची आणि डेअरीची गाडी निघून जायची. शेवटी ओळखीच्या दाव्याने तरी म्हैस रुळेल म्हणून ती म्हणाली, "नाना, ते दावं दी टाका, नहीतर म्हैस परत ली जा."

परत न्यायला गुडघे नव्हते. नानांनी दावं दिलं.

दुसऱ्या पहाटे ते कुंपणाशी येऊन खोकले. चरवी भरलेली होती. गळ्यात जुनं दावं घालून चांद्री रवंथ करत होती. तिने मान वळवली नाही. नाना पुन्हा खोकले, जरा मोठ्याने.

"नाना, दवाई लेतस का नही?" सुलक्षणाने विचारलं.

ज्ञानेश्वरला दूध मिळालं, चांद्रीला दावं. भरपाई नानांनी केली: खुंटी रिकामी झाली आणि खोकला फुकट गेला.