हारूएच्या मुळ्याचं पाणी

मी म्हाताऱ्या गेन्साकूच्या डोक्यातल्या एका बारीक रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बोलतोय. मला कुणी पाहिलेलं नाही, त्यानंही नाही. पण तो जन्मला तेव्हापासून त्याचं रक्त माझ्या अंगावरून वाहतंय.

माझं काम साधं. रक्त आलं की त्याला वाट द्यायची. मी हळूच एक वारा सोडतो, त्यानं मागची भिंत सैल पडते. पूर्वी ते सहज जमायचं. तो भाताच्या शेतातून दमून यायचा, बायको हारूए त्याच्या पाठीवरून गरम फडकं फिरवायची, आणि इथे वर मीही सैलावायचो.

रक्तातून निरोप येत असतात. शिकलेली माणसं त्यांना संप्रेरकं म्हणतात. बरेचसे मूत्रपिंडांकडून आणि त्यांच्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींकडून निघतात. एक सांगतो, आवळून घे. दुसरा सांगतो, मीठ धरून ठेव. वाईट एवढंच वाटतं, की आवळायचा निरोप येतो तेव्हा बोथट असतो. त्याला धार लागते ती आमच्याच अंगावर, आम्हा अस्तरांच्या.

आमच्याकडे बर्फ पडायच्या आधी मुळे चुलीवर टांगून धुरवतात. मग कोंडा आणि मीठ लावून पिंपात रचतात, वर दगड ठेवतात; हेच आमचं लोणचं. मीठ मुळ्यातलं पाणी ओढून घेतं. रक्तातही ते पाणी ओढूनच आणतं, पण तिथे दगड माझ्यावर येतो.

गेल्या हिवाळ्यात हारूए गेली. जाताना पिंप भरून ठेवून गेली.

रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी लोणचं बंद करायला सांगितलं. मुलगी सातोमी पिंप टाकून द्यायला निघाली, तर गेन्साकू झाकणावरच बसला. शेवटी ठरलं, रोज एकच फोड. पण चहाला कुणी आलं की घरचं लोणचं पुढे करायचं, आणि सोबत आपणही खायचं, ही आमची रीत. शेजारची फुसाको तर नेहमीची.

"भावोजी, ही फोड आहे की ओंडका?"

"एकच आहे ना? मग झालं."

"हारूए असती तर सुरी हिसकावून घेतली असती."

"म्हणून तर जाड कापतो. वाटतं, येईल ओरडायला."

चहा तसाच निवला.

दुःखाचे निरोपही त्याच ग्रंथींतून येतात. मीठ आणि दुःख, दोन्ही सोबतच यायला लागलं. मी आवळत गेलो. वारा सोडायचा म्हटलं तरी पुरेना. मागची भिंत जाड झाली, कडक झाली.

आज पिंपात शेवटचा मुळा उरला होता. सातोमीनं तो सकाळीच चिरून वाडगाभर पाण्यात घातला, मीठ उतरावं म्हणून. दुपारी फोडी तेवढ्या काढून बापापुढे ठेवल्या.

"खा बाबा. आज हव्या तेवढ्या खा."

त्यानं एक फोड चावली. बराच वेळ चावत राहिला.

"काय झालं?"

"हिच्यात तुझी आई नाही गं."

"असं काय बोलता? तिनेच केलेला मुळा आहे."

सातोमी डोळे पुसत अंगणातला बर्फ ओढायला गेली. तेव्हा त्यानं ओट्यावरचा वाडगा दोन्ही हातांनी उचलला. हारूएची चव त्या पाण्यात उतरली होती. त्यानं ते सगळं पिऊन टाकलं, वाडगा विसळला आणि पालथा घातला.

"पाणी ओतून दिलंत?" सातोमीनं आत आल्यावर विचारलं.

"हो."

"शहाणे माझे बाबा."

एका वाडग्यानं मी फाटलो नसतो. वर्षानुवर्षं झिजतच आलो होतो. आता उसवतोय. त्याच्या हातातला चहाचा पेला कलला आहे, आणि सातोमीला वाटतंय त्याला डुलकी लागली. तिला हाक मारायला मला तोंड नाही.

तुमच्या घरी असा कुणी म्हातारा असेल तर त्याचं मीठ जरूर कमी करा. पण त्याच्या पाठीवरून हातही फिरवत जा. आत कुठेतरी माझ्यासारखं कुणीतरी त्या हातानं सैलावतं. मी अजून धरून आहे. सातोमी उठली आहे, त्याच्या अंगावर पांघरूण घालायला.