पाय लागला तर

चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या मानाजीला त्याच्या आत्यानं, राजसबाईनं, लहानपणापासून एक शिकवण घोटून पाजली होती. कुणाला पाय लागला की वाकायचं, त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या डोळ्यांना लावायचा. शिकवण सोन्यासारखी, पण पोरगं निघालं फुटबॉलमधला बचावपटू! ज्याचं पोटच लोकांच्या पायांत पाय घालण्यावर, त्यानं नमस्कार करायचे तरी किती?

२००४ साली एका बँकेच्या संघानं त्याला मोसमापुरतं घेतलं. खेळ पटला तर करार पक्का, नाहीतर घरचा रस्ता. पहिल्याच सामन्यात पठ्ठ्यानं समोरच्याच्या टाचेवर पाय दिला. रेफरीचं लक्षही नव्हतं. पण मानाजी भर मैदानात वाकला आणि त्या गड्याला हात लावून मोकळा झाला. रेफरीनं नेमकं तेवढंच पाहिलं आणि शिट्टी फुंकली. त्या फ्री किकवर गोल बसला.

प्रशिक्षक उपेंद्र बदलीवर चेन्नईला आलेले, मूळचे कोल्हापूरचे. तिथल्या माणसाला फुटबॉल जिवापेक्षा प्यारा. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरं, हे मैदान हाय का देऊळ? चोरानंच बोंब मारायची, मी चोरी केली म्हणून?"

"सवय आहे की सार. हात आपणच जातो."

"मोड ती सवय!"

मानाजी मुठी आवळून खेळला, पण हात काही ऐकेना. बाकी खेळ असा की भलेभले त्याच्या बाजूनं यायला कचरत. तरी सगळ्या लीगमध्ये त्याचं नाव पडलं 'वणक्कम', म्हणजे तमिळमधला नमस्कार. रेफरीसुद्धा त्याच नावानं हाक मारायचे.

शेवटचा सामना रेल्वेच्या संघाशी होता. "आज एकदा जरी वाकलास, तर करार विसर," उपेंद्रनी बजावलं.

बँक एका गोलनं पुढं होती आणि वेळ संपत आली होती. रेल्वेचा स्ट्रायकर चेंडू घेऊन पेनल्टी बॉक्समध्ये घुसला. मानाजीनं घसरत जाऊन चेंडू रेषेबाहेर काढला. स्ट्रायकर धाडकन पडला आणि नडगी धरून बोंबलू लागला. सगळी रेल्वे "पेनल्टी, पेनल्टी" करत रेफरीभोवती जमली. रेफरी बिचारा मागं राहिलेला, त्याला धड दिसलंच नव्हतं. त्यानं मानाजीकडं पाहिलं. मानाजी ताठ उभा होता.

"वणक्कम वाकला नाही, म्हणजे पाय लागला नाही," रेफरी म्हणाला आणि त्यानं कॉर्नर दिला. सारं स्टेडियम खदखदून हसलं. पडलेला स्ट्रायकरही हसत उठला.

सामना जिंकल्यावर उपेंद्रनी धावत येऊन मानाजीला मिठी मारली. "शाब्बास लेका! मोडलीस बघ सवय!"

मानाजीनं एक "होय सार" म्हटलं की काम फत्ते. पण ते त्याच्या तोंडून निघेना.

"नाही सार. पाय लागला नाही, म्हणून वाकलों नाही."

"आणि लागला असता तर?"

"वाकलों असतों, सार."

उपेंद्रनी त्याच्या पाठीत असा रट्टा घातला की गडी दोन पावलं पुढं गेला.

"रेफरीनं सगळा सामना तुझ्यावर सोडला, आणि मी तुला सोडू व्हय? सोमवारी बँकेत ये, सहीला!"