एक डबा कोवळी रम

मी एक जुनं पिंप आहे, आणि सध्या अर्धंच आहे. मला कमरेत करवतीने कापलेलं आहे, पोटात माती भरलेली आहे आणि मातीत लिंबाचं झाड लावलेलं आहे. रम बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कचेरीच्या दाराशी मी उभा असतो. येणारे जाणारे हळहळतात, "अरेरे, काय छान पिंप होतं!" मित्रांनो, तुम्ही तसं म्हणू नका. कीव करून घ्यायची मला सवय नाही, आणि या वयात ती लावून घ्यायचीही नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. निबंधाच्या वहीत छत्री बोलते, फळा बोलतो, म्हातारा बैल बोलतो. दारूच्या पिंपाला मात्र कुणी बोलू देत नाही, जणू आम्ही घरातलं वाया गेलेलं कार्टं. आज मी बोलणार आहे. तेव्हा लहान मित्रांनो, तुम्ही खेळायला जा आणि मोठे झालात की या, मी कुठे जात नाही. मोठ्या मित्रांनो, तुम्ही बसा.

मी ओकच्या लाकडाचा. मला ज्यांनी बांधलं त्यांना सगळा कारखाना दादा म्हणायचा. दादांनी माझ्या फळ्या अंगणात उन्हापावसात इतकी वर्षं पडू दिल्या, की लोक विचारायचे, "दादा, जळणाला ठेवल्यात की काय?" दादा म्हणायचे, "घाई असेल तर प्लॅस्टिकचं न्या." मग एक दिवस त्यांनी मला वाफ देऊन वाकवलं, लोखंडी पट्ट्या ठोकून आवळलं. एक खिळा नाही, गोंदाचा थेंब नाही. शेवटी माझ्या पोटात जाळ पेटवला आणि आतली बाजू काळी होईपर्यंत भाजली. दुखलं का, असं विचाराल तर हो, दुखलं. पण रमचा जो रंग तुम्ही ग्लास उजेडात धरून बघत बसता, तो त्या चटक्यातून येतो.

आता रम म्हणजे काय ते ऐका, कारण पिणाऱ्यांतल्या निम्म्यांना ते ठाऊक नसतं. उसाच्या रसातून साखर काढून घेतली की मागे काळी, चिकट मळी उरते. साखरवाल्यांना ती नकोशी असते. तिच्यात पाणी आणि यीस्ट घातलं की ती फसफसते, मग ती भट्टीत तापवतात आणि निघालेली वाफ गार करतात. काही ठिकाणी थेट उसाच्या रसाचीच रम करतात. नळीतून जे बाहेर येतं ते पाण्यासारखं स्वच्छ असतं आणि एका घोटात डोळ्यांतून पाणी काढतं. त्याची पांढरी रम होते, आणि लिंबू-साखरेबरोबर ती फार झकास लागते. पण जिला अंगात मुरलेला वास हवा असतो, तिला माझ्यासारख्याच्या पोटात वर्षानुवर्षं पडून राहावं लागतं.

उन्हाळ्यात रम फुगून माझ्या लाकडात शिरायची, थंडीत आकसून बाहेर यायची. येताना भाजक्या साखरेचा, मनुकांचा, थोडा धुराचा वास घेऊन यायची. काही कारखाने रंग वरून घालतात, म्हणून गडद दिसली की म्हातारी असेल, असं धरून चालू नका. बाटलीच्या रंगावर भाळणाऱ्या माणसाला कुणीही टोपी घालू शकतं.

या येण्याजाण्यात थोडी रम दरवर्षी हवेत उडून जाते आणि पिंपात पोकळी होते. म्हणून आमच्याकडे वर्षातून एकदा भर घालायची पद्धत होती. शेजारच्या पिंपातून डबाभर रम काढायची, माझं बूच उघडायचं आणि वरपर्यंत भरायचं. नियम एकच. ज्यातून भर घालायची ते पिंप त्याच वयाचं हवं, कारण आमच्याकडे रमचं वय तिच्यातल्या सगळ्यांत कोवळ्या थेंबावरून मोजत. मी गोदामातल्या सगळ्यांत जुन्या ओळीत होतो. भर घालायचं काम दादांचं होतं आणि त्याबद्दल त्यांना फार अभिमान होता.

दादांची सून आधी बाटल्या धुण्याच्या शेडमध्ये कामाला होती. एकदा बाटलीचा नुसता वास घेऊन तिने ती बाजूला काढली आणि म्हणाली, "हिच्यात कुणीतरी रॉकेल ठेवलं होतं." खरंच ठेवलं होतं. रम चाखून पारखायचं काम करणाऱ्या जुन्या साहेबांनी तिला उचलून आपल्या टेबलाशी बसवलं आणि काही वर्षांनी त्यांची खुर्चीच तिला मिळाली. घरी मात्र रामायण झालं. दादांची बायको म्हणाली होती, "आपल्या घरातली बाई दिवसभर दारू चाखणार? लोक काय म्हणतील?" सुनेने ते माझ्यासमोरच दादांना सांगितलं. वर म्हणाली, "मामंजी, मी सासूबाईंना सांगितलं, चाखते आणि थुंकते. संध्याकाळी एक पेला पिते, तो मात्र थुंकत नाही." दादा इतके हसले की त्यांना हातोडी खाली ठेवावी लागली.

मग एका थंडीत दादांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण नाक गेलं. वास येईना. दादांनी हे कुणाला सांगितलं नाही. भर घालायचे दिवस आले तेव्हा ते नेहमीसारखे डबा घेऊन आले, आणि माझ्या उजव्या हाताच्या पिंपाऐवजी मागच्या ओळीतल्या कोवळ्या पिंपातून डबा भरला. पूर्वी असतं तर डबा नाकाखालून जाताच त्यांनी जीभ चावली असती. त्या दिवशी त्यांनी तो शांतपणे माझ्यात ओतला आणि बूच ठोकलं.

सून तेवढ्यात तिथे आली. तिने रिकामा डबा उचलला, हुंगला आणि पुन्हा एकदा हुंगला.

"मामंजी, हा डबा कशातून भरलात?"

दादांनी बोट दाखवलं. दाखवताच त्यांनाही कळलं. ते उलट्या बादलीवर बसले आणि म्हणाले, "पोरी, मला आता काही कळत नाही गं. साबणाचाही वास येत नाही." सुनेने डबा धुऊन जागेवर ठेवला. "पुढच्या वर्षीपासून डबा आधी माझ्याकडे आणायचा," एवढंच ती म्हणाली. माझ्या पोटातल्या इतक्या वर्षांच्या रमचं वय मात्र एका डब्यात कोवळं झालं होतं. हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. मला तेव्हा कुणी विकत नव्हतं, त्यामुळे खोटं बोलायची वेळच कुणावर आली नाही. पुढे दादा गेले. कारखान्याने गोदामाच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी लावली.

त्यानंतर नवा मॅनेजर आला. त्याने आमच्या ओळीकडे पाहिलं आणि ठरवलं, की सगळ्यांत जुनी रम वेगळ्या बाटलीत, वय छापून, भारी भावाने विकायची. पहिला नंबर माझा. मोठा खरेदीदार यायचा ठरला. मॅनेजरने सुनेला बोलावून सांगितलं, "तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, की यातला थेंबन् थेंब जुना आहे. तुमच्या शब्दावर तो डोळे झाकून घेतो. आणि नाही जमलं तर ही ओळ मोडीत काढायची आहे मला. या पिंपाच्या दोन सुंदर कुंड्या होतील."

म्हणजे बघा, तिने हो म्हटलं तर मी वाचत होतो, पाटीवरचं दादांचं नावही स्वच्छ राहत होतं. नाही म्हटलं तर माझ्यावर करवत, आणि मेलेल्या सासऱ्याची चूक चारचौघांत. मला भीती वाटली. का वाटू नये? पण खोट्या वयावर मिरवत जगायची कल्पना त्याहून वाईट वाटली. मी बोलू शकत असतो तर म्हणालो असतो, बाई, खरं ते सांग आणि मोकळी हो.

खरेदीदार आला. जाडजूड, गोड बोलणारा. सुनेने बूच उघडलं, लांब नळीने रम काढली आणि दोन छोट्या ग्लासांत ओतली. खरेदीदाराने ग्लास गरगरा फिरवला, नाक आत खुपसलं आणि ठसकला.

"नाक इतकं आत घालू नका," सून म्हणाली. "हनुवटीपाशी धरा. तोंड थोडं उघडं ठेवा आणि हळू श्वास घ्या. हां. आता काय येतंय?"

"साखर... करपलेली. आणि लाकूड."

"आता अगदी लहान घोट. गिळायची घाई नको. पहिला घोट फक्त जिभेला ओळख करून द्यायला असतो, तो चटका देणारच. चव दुसऱ्या घोटाला कळते."

त्याने दुसरा घोट घेतला आणि मान डोलावली. सुनेने त्याच्या ग्लासात पाण्याचे दोन-चार थेंब टाकले. "आता परत बघा."

"अहो, हे तर वेगळंच झालं!"

"वेगळं नाही. आत होतंच, पाण्यानं मोकळं झालं. बर्फ घातलात तर हे सगळं आखडून बसतं. उकाडा असेल तर खुशाल घाला, पण आधी एकदा अशी घेऊन बघा."

"आणि कोला घालून पिणारे?" खरेदीदार डोळा मारून म्हणाला. "त्यांना काय गोळ्या घालायच्या?"

"माझा नवरा पितो. त्याला काही बोलायचं नाही," सून म्हणाली. "स्वतःच्या पैशानं घेतो, जेवण पुढ्यात ठेवून घेतो, एकावर थांबतो आणि त्या दिवशी गाडीला हात लावत नाही. यापेक्षा चांगलं पिणं मी पाहिलेलं नाही."

खरेदीदार हसला. मॅनेजर तर फुलून गेला. "मग मॅडम, वयाचं सांगून टाका," तो म्हणाला.

सुनेने ग्लास खाली ठेवला. "यात एक डबा कोवळी रम पडलेली आहे," ती म्हणाली. "भर घालताना माझ्या सासऱ्यांच्या हातून पडली. दारावरच्या पाटीवर ज्यांचं नाव आहे, त्यांच्याच. त्यांचं नाक गेलं होतं. मी तिथे होते."

मॅनेजरचा चेहरा पडला. "एवढ्या मोठ्या पिंपात एका डब्यानं काय होतंय?"

"चवीत काही होत नाही. वयात होतं. चव आवडली असेल तर चवीसाठी घ्या. वय मी विकणार नाही."

खरेदीदाराने ग्लास चाटूनपुसून संपवला. रम अप्रतिम आहे म्हणाला, पण आपल्याला तर छापायला वय हवं होतं म्हणाला, आणि गेला. त्याची गाडी फाटकाबाहेर जाते न जाते तोच मॅनेजर ओरडला, "कापा ते पिंप! आणि ती रम ओता कुठेही!"

"कुठेही?" सुनेने विचारलं.

"कुठेही!"

मित्रांनो, तिने काय केलं असेल? कारखान्याचा सगळ्यांत स्वस्त माल ज्या टाकीत तयार होतो, तिथे तिने मला नेऊन रिकामं केलं. ट्रकवाले, गवंडी, पंक्चर काढणारे जी बाटली घेतात, तिच्यात. मॅनेजर धावत आला. "अहो, साध्या मालात?"

"साध्या मालात," ती म्हणाली. "तिथे वय कुणी विचारत नाही. चव सगळ्यांना कळते."

त्या महिन्यात दुकानांतून एकच विचारणा येत होती, की बाटलीत काय बदललंत, गिऱ्हाईक परत परत तीच मागतंय. कारखान्यातल्या कुणी उत्तर दिलं नाही. आता तुम्हाला कळलं, तर कळू द्या.

मग मला कापलं. करवतीला धार नव्हती आणि माझं लाकूड सरळ हार मानणारं नव्हतं, दोन पाती मोडली. वरच्या अर्ध्या भागाची कुंडी व्हायच्या आत सून तिथे येऊन उभी राहिली. तिने त्याच्या फळ्या सुट्या करून घेतल्या. गोदामातली छोटी गळकी पिंपं दुरुस्त करताना त्या एकेक करून बसवल्या गेल्या. आता माझ्या फळ्या कितीतरी पिंपांत आहेत, त्यांच्या पोटात रम आहे आणि उन्हाळा आला की ती माझ्यात शिरते. मला मोडीत काढायला निघालेल्यांनी जरा मोजून बघावं, मी कमी झालो की जास्त. आणि पाटी? पाटी अजून तिथेच आहे. ती काढायची भाषा मॅनेजरने केली होती, पण भट्टीपासून फाटकापर्यंतचे सगळे कामगार हात बांधून दारापुढे उभे राहिले. चूक झालेली सगळ्यांना कळली आणि नाव तरीही राहिलं.

तुम्हाला माझ्याकडून काही बोध हवाच असेल, तर एवढाच घ्या. मला जपा, असं मी म्हणणार नाही, मी माझं बघून घेतो. तुम्ही पीत नसाल तर उत्तम, माझ्यासाठी सुरू करू नका. पीत असाल तर पहिला घोट नुसता घ्या आणि त्याच्यामागची वर्षं आठवा. कुणाच्या ग्लासात कोला दिसला म्हणून नाक मुरडू नका. आणि वय विचारण्याआधी चव बघा, बाटलीची असो वा माणसाची.

सून आता कामावरून निवृत्त झाली आहे. तरी अधूनमधून सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला घेऊन येते. दोघं माझ्याशेजारच्या पायरीवर बसतात. त्यांच्या पिशवीत जेवणाचा डबा असतो, दोन पेले असतात आणि तीच स्वस्त बाटली. ती हात लांब करून माझ्या झाडाचं एक लिंबू तोडते, अर्धं नवऱ्याच्या पेल्यात पिळते, अर्धं स्वतःच्या.

"आंबट आहे गं फार," नवरा म्हणतो.

"असू दे," ती माझ्या पट्टीवर हात ठेवून म्हणते. "कापल्यावर कोण गोड बोलेल?"