आतली आणि दारातली

पुएब्लोतल्या आमच्या म्हाताऱ्यांच्या इमारतीची व्यवस्था मी बावीस वर्षं बघतोय. भाड्याचा मोठा वाटा वॉशिंग्टनचं सरकार उचलतं, म्हणून नियम तिथले. इमारत मात्र उभी आहे कोलोरॅडोत, आणि इथल्या, डेन्व्हरच्या राज्य सरकारने गांजा केव्हाच कायदेशीर केलाय; वॉशिंग्टनच्या कायद्यात तो अजून गुन्हाच. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो मी.

तिसऱ्या मजल्यावरची लवर्न केसलर एक्क्याऐंशी वर्षांची. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. धाकटी बहीण ओपल याच राज्यातल्या दूरच्या त्रिनिदाद गावी एकटी राहायची आणि त्या हिवाळ्यात दोनदा पडली होती. तिला आपल्या खोलीत आणायचं, एवढंच लवर्नला हवं होतं.

दोघी अर्ज भरून घेऊन आल्या. लवर्नचा दरवर्षीचा, ओपलचा नवा. 'अमली पदार्थ वापरता का?' या प्रश्नापुढे दोघींनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'हो, सांध्यांना गांजाचं मलम.' वर राज्याने दिलेल्या, औषधी गांजाच्या परवाना-कार्डाची झेरॉक्सही टाचलेली. सरकारी शिक्का पाहिला की काम लवकर होईल, अशी त्यांची समजूत. मला हसू आलं आणि त्याहून जास्त राग आला. ते कार्ड म्हणजे वॉशिंग्टनच्या लेखी कबुलीजबाबच होता.

कागद परत न्या, नवे भरून आणा, असं मी सुचवलं. लवर्नने साफ नकार दिला. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, आता म्हातारपणी खोटं लिहू का, म्हणाली.

मी नियम तीनदा वाचला. राहत्या भाडेकरूला काढायचं की नाही, हे माझ्या मर्जीवर. नव्याला मात्र घ्यायचंच नाही. लवर्नचा अर्ज मी मंजूर केला. ओपलचं सांगताना माझी मान वर होईना.

"म्हणजे मलम एकाच डबीतलं," लवर्न म्हणाली. "मी लावलं तर तू डोळेझाक करणार, आणि हिने लावलं तर ही बाहेर?"

"तुम्ही आत आहात, लवर्नबाई. त्या अजून दारात आहेत."

"जाऊ दे गं," ओपल म्हणाली. "मी तिकडे बरी आहे."

महिनाअखेरीस लवर्नने खोलीची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. तुम्हाला कुणी काढलेलं नाही, मी परोपरीने सांगितलं.

"माहीत आहे रे, रूबेन. तू भला माणूस आहेस. पण ही पुन्हा पडली तर उचलायला कोण येणार, डेन्व्हर की वॉशिंग्टन?"

तिची खोकी उचलून मी ओपलच्या गाडीत ठेवली.