सातवा क्वेसार

डाळजच्या चौकात फलक झळकत होता: ‘सात क्वेसारांची साखळी शोधणारी आमची कन्या स्वरूपा’. मंडप उभा होता, मसालेभाताला फोडणी बसली होती, आणि अशा ऐन वेळी पुण्याहून आलेल्या स्वरूपाने आपल्या चुलत्यास, कुंडलिकरावांस, सत्कार रद्द करण्यास सांगितले. त्यांच्या संतापास पारावार उरला नाही.

क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचे धगधगते हृदय, हे त्यांनी महिनाभर साऱ्या गावास, भिगवणच्या न्हाव्याससुद्धा, समजावून सांगितले होते.

“सातवा क्वेसार नाहीच, तात्या,” ती म्हणाली. “काल त्याच्या प्रकाशाच्या तपासणीचा निकाल आला. आपल्याच आकाशगंगेतला तांबूस तारा निघाला. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात.”

“मग सा म्हण. सात काय न् सा काय.”

“तो मधोमध होता. सगळे एका रांगेत, दीर्घिकांच्या भिंतीसारख्या मोठ्या पसाऱ्याला धरून आहेत, हेच माझं म्हणणं होतं. तो गेला की साखळीच राहत नाही.”

“पाव्हणं इंदापुरातनं निघाल्यात. फेटेवाला येऊन बसलाय. गप उभी ऱ्हा अन् शाल घे. वर जाऊन कोण बघणार हाय?”

स्वरूपा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. “काट्यावरचा माणूस तुम्हाला हेच म्हणाला होता ना? ‘आत वाकून कोण बघणार हाय?’”

त्या एका वाक्यापायी कुंडलिकरावांनी एकदा उसाच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर आडवा घातला होता, आणि काट्यातली खोट निघेपर्यंत हलवला नव्हता. तेच वाक्य आपल्या मुखातून निघावे, याने त्यांचा राग निवला नाही. उलट दुणावला; मात्र तो कोणावर काढावा, हे त्यांना उमगेना.

कोयता घेऊन ते चौकात गेले व फलकाच्या दोऱ्या त्यांनी सपासप तोडल्या. शुभेच्छुक म्हणून फलकावर झळकलेला रणजित धावत आला.

“तात्या, माझा पण फोटो हाय त्यात.”

“घरी लाव मग.”

पाहुणे जमताच बिनफेट्याने त्यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला. “पोरीनं सात म्हणलं हुतं, साच निघालं. चूक तिनंच काढली, तिनंच सांगितली. तवा सत्कार न्हाय. जेवान हाय. जेवल्याबिगर कुणी जायचं न्हाय.”

पंगतीत ते स्वतः वाढू लागले. स्वरूपाच्या पानात त्यांनी भात आदळला.

“ऱ्हायल्याली सा नीट बघितलीस का?”

“दोनदा.”

“तिसऱ्यांदा बघ,” तिच्याकडे न पाहता ते गुरकावले, आणि पुढच्या पानाकडे वळले.